श्रावकाच्या खिडकीतील झाडे आणि त्यांवरील कीड

व्यापारी कुटुंबांच्या घरांत आणि दुकानांत अलीकडे जी झाडे आली आहेत, ती तुळस-मोगऱ्याच्या कुळातील नाहीत. गल्ल्याशेजारी चिनी मातीच्या कुंडीत जेड असते, हिशेबाच्या टेबलावर गुलाबाच्या फुलासारखी पाने उलगडून बसलेली एचेव्हेरिया असते, खिडकीत पांढऱ्या पट्ट्यांची हॉवर्थिया आणि गॅलरीत कोरफड असते. या सर्वांना मिळून सक्युलंट म्हणतात. शब्दकोशांत त्यासाठी ‘मांसल पानांची झाडे’ असा प्रतिशब्द सापडतो. जैन घरात तो जिभेवर येणे अवघडच. ‘पाणीदार पानांची झाडे’ म्हटले तरी अर्थ पुरेसा कळतो. पानात आणि खोडात पाणी साठवून ठेवायचे आणि त्यातली बहुतेक झाडे तर दिवसा पानांची छिद्रे मिटून रात्री ती उघडायची, अशा रीतीने कोरड्या मुलखात जगतात. घराला पंधरा दिवस कुलूप लावून शिखरजीच्या यात्रेला किंवा गावाकडच्या लग्नाला गेले, तरी परतल्यावर झाड जागेवर उभे असते. हा गुण व्यापाऱ्याच्या घराला सोयीचा आहे.

मग एखाद्या दिवशी पानाच्या बगलेत कापसाचा बारीकसा पुंजका दिसतो. पुसला तर चार दिवसांनी पुन्हा दिसतो. रोपवाटिकेत विचारले असता एक बाटली हाती येते आणि सांगितले जाते, ‘फवारा, संपेल.’ काय संपेल, हे तिथे कोणी विचारत नाही. जैन कुटुंबाला मात्र तोच प्रश्न आधी विचारावा लागतो, कारण त्या एका पुंजक्यात शेकडो जीव असू शकतात.

या झाडांच्या बाबतीत धर्माची एक जुनी नोंदही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंपरेत बत्तीस अनंतकायांची जी यादी सांगितली जाते, तीत कुंवार म्हणजे कोरफड आणि थोर या दोहोंचा समावेश आहे. तोडलेला तुकडा पुन्हा रुजतो, हे अनंतकाय वनस्पतीचे एक लक्षण शास्त्रात दिले आहे. एचेव्हेरियाचे गळलेले पान मातीवर नुसते पडले, तरी त्याला मुळे फुटतात. पानफुटीचे तर नावच त्यावरून पडले. म्हणजे ही कुंडी स्वतःच जीवांनी भरलेली आहे आणि तिच्यावर आलेला किडाही जीवच आहे. एकाला वाचवताना दुसऱ्याचे काय करायचे, ही अडचण म्हणून अधिकच नाजूक होते.

कीड नसलेली कीड

पहिले काम ओळखीचे. अनेक घरांत फवारा मारला जातो तो मुळात किडीवर नसतोच, आणि तरी त्या फवाऱ्याने कुंडीतील इतर जीव मरतात.

एचेव्हेरियाच्या पानावर पिठासारखा पांढरट लेप असतो. तो झाडाने स्वतःच तयार केलेला मेणाचा थर असून उन्हापासून आणि पाण्यापासून पानाचे रक्षण करतो. बोटाने पुसला तर त्या पानावर तो पुन्हा येत नाही. हॉवर्थियावरील उठावदार पांढरे ठिपके हा तिच्या कातडीचाच भाग आहे. जेडच्या पानांवर दिसणारे बारीक पांढरे कण बहुधा क्षारांचे असतात. पानावरील सूक्ष्म रंध्रांतून पाणी बाहेर येते, सुकते आणि मीठ मागे उरते. शहरातील जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडांत हे अधिक दिसते. पाणी जास्त झाले तर पेशी फुगून फुटतात आणि पानावर तपकिरी, खरखरीत पुटकुळ्या उठतात. त्या खवलेकिडीसारख्या दिसतात, पण त्यांत जीव नसतो. मार्गशीर्षात सावलीत ठेवलेली कुंडी चैत्रात एकदम गच्चीवर नेली, तर पान भाजून तांबूस डाग पडतो. तोही रोग नव्हे.

बागकामाची पुस्तके सांगतात की संशय आल्यास नखाने खरवडून पाहावे. ओल निघाली तर कीड जिवंत समजावी. ही परीक्षा श्रावकाच्या उपयोगाची नाही. तिच्याऐवजी एक साधन कित्येक व्यापारी घरांत आधीच असते, ते म्हणजे जवाहिऱ्याचे दहापट भिंग. हिऱ्यातला डाग शोधणाऱ्या डोळ्याला पानामागचे सहा पाय दिसायला वेळ लागत नाही. भिंग नसेल तर मोबाइलने त्याच पानाचे आज एक छायाचित्र घ्यावे आणि आठ दिवसांनी दुसरे. डाग तेवढाच राहिला तर तो बहुधा जखमेचा. ठिपक्यांची संख्या वाढली, खालच्या पानावर चिकटपणा आला किंवा मुंग्यांची रांग कुंडीवर चढू लागली, तर तिथे कीड आहे असे समजावे. यांपैकी मुंगीची साक्ष सर्वांत भरवशाची. कोरड्या मातीच्या कुंडीत गोडाचा कण नसताना ती उगाच येत नाही.

पिठ्या ढेकूण आणि त्याचे भाऊबंद

घरातल्या सक्युलंटवर सर्वाधिक वेळा येणारी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. मराठीने दिलेले हे नाव अचूक आहे. अंगावर पिठासारखे मेण असते, आणि घरातला ढेकूण व हा किडा कीटकशास्त्रातही एकाच गणात मोडतात. जैन ग्रंथांत ढेकूण, ऊ, मुंगी आणि वाळवी यांची गणना त्रींद्रियांत, तर माशी, डास, भुंगा यांची चतुरिंद्रियांत केलेली आहे. शांतिसूरींचा ‘जीवविचार’ पाठशाळेत शिकलेल्या मुलांना ही विभागणी पाठ असते.

मादी दोन ते चार मिलिमीटर लांब, लांबट-गोल आणि पंख नसलेली असते. सोंडेसारखा सूक्ष्म धागा पानात खुपसून ती रस ओढते. आयुष्याच्या शेवटी कापसासारखी पिशवी विणून तीत काही शे अंडी घालते आणि मरते. डोळ्यांना दिसतो तो पुंजका बऱ्याचदा ही पिशवीच असते. अंड्यातून निघालेली पिल्ले पिवळसर, टाचणीच्या टोकाहून लहान असतात आणि पहिले काही दिवस चालत राहतात. याच काळात ती वाऱ्याने, हाताने, पुसण्याच्या फडक्याने किंवा मुंगीच्या मदतीने शेजारच्या कुंडीत पोहोचतात. उष्ण हवेत अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचा फेरा साधारण महिन्याभरात पूर्ण होतो. नराला पंख असतात, पण तोंडच नसते. एक-दोन दिवस जगून तो संपतो.

रस पचवल्यावर जादा साखर गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. तिच्यासाठी मुंग्या येतात. त्या या किड्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात आणि त्यांना नव्या जागी उचलूनही नेतात. उरलेल्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. पाने काळी पडली म्हणून बुरशीचे औषध आणणे हा मूळ सोडून फांदीला हात घालण्याचा प्रकार होय.

या कुळातील दुसरा भाऊ खवलेकीड. तपकिरी, मसुराच्या डाळीहूनही लहान टोपण खोडाला चिकटलेले असते. पिल्लू जागा शोधून एकदा बसले, की त्यातील कित्येक जातींत पायच उरत नाहीत. मादी त्या जागेवरून पुन्हा कधीच हलत नाही. ही बाब पुढे उपायांच्या वेळी महत्त्वाची ठरते.

याच कुळातील आणखी दोन किडे व्यापाराच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. लाख हा पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर दाटीने बसणाऱ्या अशाच एका किड्याचा स्राव आहे, आणि ती खरवडून काढताना त्यातील जीव मरतात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षवाणिज्य आणि विषवाणिज्य असे दोन स्वतंत्र व्यापार का नोंदवले असावेत, हे खिडकीतल्या जेडकडे भिंगातून पाहताना चांगले कळते. दुसरा किडा कोचिनियल. निवडुंगाच्या हातावर पांढरे कापूस दिसतात, त्यांच्या आत गडद किरमिजी रंग असतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर १२० या क्रमांकाने छापला जाणारा लाल रंग त्यापासूनच होतो, आणि म्हणून शाकाहारी घरे तो क्रमांक पाहून डबा परत ठेवतात. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी रंगाच्या व्यापाराच्या आशेने ब्राझीलहून कोचिनियल भारतात आणवला. आला तो खरा रंगाचा किडा नव्हता, त्याचा जंगली भाऊ होता. त्याने रंग दिला तो हलका, निवडुंगाची बने मात्र उद्ध्वस्त केली. एका चुकीच्या ओळखीची किंमत किती मोठी होऊ शकते, याचे हे बहुधा सर्वांत जुने भारतीय उदाहरण असावे.

मुळांवर राहणारा पिठ्या ढेकूण वरून दिसत नाही. पाणी नीट, ऊन नीट, तरी झाड वाढत नाही आणि पाने सुरकुततात, अशा वेळी मातीचा गोळा कुंडीबाहेर काढून पाहावा लागतो. मुळांभोवती आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला निळसर-पांढरी भुकटी दिसली, तर कारण सापडले.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मावा बहुतेक वेळा फुलाच्या कोवळ्या दांड्यावर येतो. त्याच्या माद्या नराविना थेट पिल्ले देतात, त्यामुळे आठवड्यात दांडा भरून जातो, पण दांडा वाळला की वस्तीही बहुधा उठते. फुलकिडे पानावर चंदेरी ओरखडे ठेवतात. लाल कोळी हा कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो वाढतो, पानावर तपकिरी खरबरीत पट्टे आणि सूक्ष्म जाळे दिसते. पांढऱ्या कागदावर पान हलकेच टिचकवावे. ठिपके चालू लागले तर तो कोळी. पाहून झाल्यावर कागद पुन्हा त्याच झाडापाशी टेकवावा. कोरफडीवर कधी कधी फुलकोबीसारखी विचित्र गाठ येते. तिचे कारण डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म कोळी असून त्यावर घरगुती उपाय नाही. मातीभोवती उडणारी काळी चिलटे झाडाची नसून ओलीची असतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतील बुरशीवर आणि कधी कोवळ्या मुळांवर जगतात.

बाटलीच्या आत काय असते

जैन घरांत एक समज रूढ आहे की रासायनिक औषध म्हणजे हिंसा आणि ‘नैसर्गिक’ औषध म्हणजे अहिंसा. हा समज तपासून पाहायला हवा.

साबणाचे पाणी किड्याच्या अंगावरील मेणाचे आवरण आणि पेशींचे पडदे बिघडवते. किडा सुकून मरतो. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तेही मेण विरघळवून जागच्या जागी मारते. कडुनिंबाच्या तेलातील द्रव्य किड्याचे खाणे थांबवते आणि त्याला कात टाकू देत नाही. तेलाचा थर श्वासाची छिद्रे बुजवतो. मृत्यू दोन दिवस उशिरा येतो, एवढाच फरक. शिवाय तेलाने एचेव्हेरियाचा मेणाचा लेप कायमचा जातो आणि उन्हात पान भाजते. डायटोमाइट नावाची पांढरी माती मुंग्यांसाठी ‘निर्विष’ म्हणून विकली जाते. ती विषारी नाही हे खरे. ती किड्याच्या आवरणावर ओरखडे पाडते आणि तो शुष्क होऊन मरतो. पिवळ्या चिकट पट्टीवर अडकलेले चिलट तासन् तास तडफडते. मुंग्यांसाठी ओढण्याचा खडू रेषेसारखा दिसला तरी ते विषच आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी अंतर्वाही औषधे मातीत घातली की रसातून सर्व झाडात पसरतात, फुलाच्या मधात आणि परागातही उतरतात, आणि गॅलरीत आलेली मधमाशी त्यात सापडते.

मग मित्रकीटक? क्रिप्टोलिमस नावाचा छोटा ढालकिडा पिठ्या ढेकणांवर जगतो. १८९८ साली तो कॉफीच्या मळ्यांतील किडीसाठी भारतात आणला गेला आणि आजही शेतकरी तो विकत घेऊन बागांत सोडतात. शेतीच्या दृष्टीने हा फवाऱ्याहून पुष्कळ शहाणा मार्ग आहे. परंतु करणे, करविणे आणि करणाऱ्यास अनुमोदन देणे या तिन्हींचा हिशेब जिथे ठेवला जातो, तिथे पैसे देऊन ढालकिडा आणून सोडणे ‘करविणे’ या रकान्यातच पडते.

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, हेही इथेच म्हटले पाहिजे. त्याच्या उपजीविकेतील हिंसेला शास्त्राने उद्योगी हिंसा असे निराळे नाव दिले आहे, आणि गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही हे मान्य केले आहे. कृषिशास्त्रही सांगते की पिकाचे नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठे होईपर्यंत औषध मारू नये. गल्ल्याशेजारच्या जेडला असे पीक नाही, तोटा नाही, पोट त्यावर चालत नाही. केवळ शोभेसाठी ठेवलेल्या झाडापायी शेकडो जीवांचा नाश ही अनर्थदंडाच्या फार जवळ जाणारी गोष्ट आहे. ज्या व्रतात निष्कारण हिंसेपासून परावृत्त होण्यास सांगितले आहे, त्याची परीक्षा मोठ्या प्रसंगांपेक्षा अशा एका कुंडीपाशी अधिक होते.

कीड येण्याआधीचा महिना

या झाडांच्या बाबतीत अहिंसेला खरी जागा आहे ती कीड येण्यापूर्वी. एकदा वस्ती झाली की कोणताच मार्ग निर्दोष राहत नाही. आधी मात्र पुष्कळ काही करता येते आणि त्यात कोणाचाही जीव जात नाही.

किडीचा प्रवेश बहुधा नव्या रोपाबरोबर होतो. हल्ली लग्नात किंवा तपाच्या पारण्याला पाहुण्यांना सक्युलंटची रोपे देण्याची पद्धत पडली आहे. मिठाईच्या डब्याहून ती बरी; पण शंभर रोपे एकाच रोपवाटिकेतून, एकाच खाटेवरून येतात आणि एका रोपावरची पिशवी शंभर घरांत पोहोचू शकते. म्हणून देणाऱ्याने घेतानाच भिंग लावावे आणि घेणाऱ्याने नवे रोप निदान एक महिना इतरांपासून दूर, वेगळ्या खिडकीत ठेवावे. किड्याचा एक फेरा महिन्याचा असल्याने जे दडलेले असेल ते तेवढ्या काळात दिसते. व्यापारी नवा माल आधीच्या थप्पीत मिसळण्यापूर्वी उघडून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. शक्य असल्यास रोपवाटिकेतील नारळाच्या भुश्शाची माती हळुवार झटकून मुळे पाहावीत आणि रोप नव्या मातीत लावावे. त्या भुश्शात ओल फार काळ टिकते. या झाडांना ती सोसत नाही.

माती निम्म्याहून अधिक जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट घालून केलेली असावी. कुंडीला भोक हवेच. चिनी मातीच्या सुंदर, बिनभोकाच्या कुंड्या हे चिलटांना आमंत्रण आहे. पाणी वारावर घालू नये, वजनावर घालावे. कोरडी कुंडी उचलून हाताला तिचे वजन ओळखीचे करून घ्यावे आणि तेवढी हलकी झाल्यावरच पुन्हा पाणी द्यावे. आयुष्यभर तराजू पाहिलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही. मातीवर बोटाच्या पेराइतका जाड वाळूचा कोरडा थर ठेवला की चिलट अंडी घालायला सहसा उतरत नाही. चिलटांसाठी एवढाच उपाय पुरतो आणि तो कोणाला मारीत नाही.

खत कमी द्यावे. युरिया किंवा भरपूर शेणखत मिळालेल्या झाडाची वाढ लुसलुशीत होते, रसात नत्र वाढते, आणि मावा व पिठ्या ढेकूण नेमके तेच शोधत असतात. उजेड भरपूर असावा. दुकानाच्या आतल्या ट्यूबलाइटखाली ठेवलेले जेड लांबट, फिकट आणि दुबळे होते. दोन जेड आळीपाळीने ठेवावीत, एक गल्ल्याजवळ आणि एक उन्हात, आणि आठवड्याने अदलाबदल करावी. खालची वाळलेली पाने वेळच्या वेळी उचलावीत, कारण पिल्लांना लपायला तीच जागा मिळते. वाळलेले पान आपोआप सुटते, त्यासाठी हिरवे तोडावे लागत नाही. अष्टमी-चतुर्दशीचा नियम असलेल्यांनाही हे करता येते.

चातुर्मासात दमट हवेमुळे जीवोत्पत्ती वाढते, म्हणून त्या काळात यतना अधिक ठेवावी, हे घरातील वडीलधारी मंडळी स्वयंपाकघराबद्दल नेहमी सांगतात. गॅलरीलाही ते लागू आहे. आषाढ ते आश्विन कुंड्या पावसाच्या झडीपासून आत घ्याव्यात, त्यांच्यात चार बोटे अंतर ठेवावे म्हणजे वारा खेळतो, आणि पाणी अगदी मोजके द्यावे. गोगलगाय दिसली तर कागदावर घेऊन बाहेर ओल्या जागी ठेवावी.

आलीच तर

इथे सोपे उत्तर नाही. कमी-अधिक दोषाचे मार्ग आहेत आणि कुटुंबाने ते जाणून निवडायचे आहेत.

पहिला मार्ग सोसण्याचा. दहा-पंधरा पिठ्या ढेकणांनी प्रौढ जेड मरत नाही. झाड वेगळे करावे, खत थांबवावे, उजेड वाढवावा आणि चिकटा ओल्या मऊ फडक्याने पानावरून हलकेच टिपावा, किड्याला न लागता. चिकटा गेला की मुंग्यांचे येणे कमी होते आणि त्यांच्यामार्फत होणारा प्रसारही. कुंडीभोवती हळदीची रेघ ओढण्याची जुनी घरगुती रीत आहे; मुंग्या ती टाळतात असा घराघरांतील अनुभव आहे.

दुसरा मार्ग स्थलांतराचा, आणि इथे किड्याकिड्यांत भेद करावा लागतो. पिठ्या ढेकणाला पाय असतात. मऊ कुंचल्याने किंवा पूंजणीच्या लोकरीच्या टोकाने त्याला डिवचून थांबले, तर तो सोंड काढून घेऊन चालू लागतो. मग त्याला कागदावर घेता येते. ओढून काढला तर सोंड तुटते आणि तो उपाशी मरतो. कागदावरून मात्र त्याला जायला झाड हवे, नाहीतर हे स्थलांतर नावापुरतेच. यासाठी काही घरे एक जुने, आधीच किडलेले झाड वेगळ्या कोपऱ्यात ‘त्यांचे’ म्हणून राखतात आणि सगळे त्यावर सोडतात. हे हास्यास्पद वाटेल, पण पांजरापोळ चालवणाऱ्या समाजाला ते फार अनोळखी वाटू नये. शेजाऱ्यांच्या जास्वंदीवर किंवा सोसायटीच्या पपईवर सोडणे मात्र दुसऱ्याच्या दारात ओझे टाकणे आहे. तिथे कोणीतरी फवारा मारणारच. खवलेकिडीला हा मार्गच नाही. ज्या मादीला पाय नाहीत, ती काढली म्हणजे मारली. टूथब्रशने ‘नुसती घासून काढण्याचा’ जो उपाय सुचवला जातो, त्यात विष नसले तरी मृत्यू तेवढाच आहे.

तिसरा मार्ग या झाडांच्या स्वभावातून निघतो. शेंड्याचा जो भाग भिंगाखाली निखालस स्वच्छ दिसेल तो, किंवा आपोआप सुटलेले निरोगी पान, वेगळे घेऊन नव्या मातीत रुजवावे आणि मूळ झाड किडीसकट मोकळ्या हवेत जमिनीवर, इतर झाडांपासून दूर ठेवून द्यावे. पाऊस, वारा आणि आपणहून येणारे ढालकिडे पुढे जे करतील ते करतील. ते कोणी केलेले वा करविलेले नसते. अर्थात ढालकिडा आलेला पाहून मनात बरे वाटले, तर अनुमोदनाचा प्रश्न उरतोच, आणि तो ज्याचा त्याने सोडवायचा. हिरवा शेंडा कापण्याचा दोषही आहेच. ज्यांना हिरव्याचा त्याग आहे त्यांनी गळलेल्या पानावरच भागवावे. पानापासून झाड व्हायला सहा महिने ते वर्ष लागते.

मुळांवरील किडीत वरचा भाग सहसा स्वच्छ असतो, त्यामुळे तिथे हाच तिसरा मार्ग चालतो. लाल कोळ्याला कोरडी, कोंदट हवा लागते. झाड मोकळ्या वाऱ्यावर आणि दुपारच्या झळेपासून दूर नेले, आसपासची हवा थोडी दमट राहिली, तर नव्या पानांवर त्याची वाढ मंदावते. जुन्या पानांवरील डाग मात्र जात नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपून हवा कोरडी होते, तेव्हा कुंड्या तपासण्याचा काळ येतो. मातीचा गोळा हळूच बाहेर काढावा, उलट्या हातावर तोलून मुळे भिंगाखाली पाहावीत. मुळे पांढरी, ताठ आणि भुकटीविना असतील तर गोळा तसाच परत ठेवावा. माती बदललीच, तर तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकण्यासाठी पहिले पाणी आठवड्याभराने द्यावे.